८,१९० पूर्वजांपैकी बारा

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारच्या पश्चिमेला अमझेऱ्यापाशी चिमाजी अप्पांच्या फौजेनं माळव्याचा मोगल सुभेदार गिरधरबहादूर याला गाठलं. सुभेदार रणात पडला आणि माळव्याची दारं मराठ्यांना उघडली. धार उदाजी आणि आनंदराव या पवार बंधूंच्या घराकडे गेलं, देवास तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांकडे. धारच्या नैऋत्येला, नर्मदेच्या अलीकडे असलेलं कुक्षी पुढे धार संस्थानचा एक परगणा झालं. फौजेच्या मागोमाग दक्षिणेतून शिलेदार आले, बारगीर आले, कारकून, फडणीस, भटजी आले. बरेच परत गेले, पुष्कळ राहिले. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात १२ लाखांहून जास्त लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली.

समजा, कुक्षीतल्या अशा एखाद्या घरानं ठरवलं की आपल्या मुळाचा माग काढायचा. अमझेऱ्याच्या लढाईच्या वेळी आपले कोण होते, कुठे होते? पिढीला पंचवीस वर्षं धरली तर १७२८ पर्यंत बारा पिढ्या होतात. आईवडील दोन, आजी-आजोबा दोन्हीकडचे मिळून चार, पणजी-पणजोबा आठ. असं दुपटीनं मागे गेलं की बाराव्या पिढीत ४,०९६ जण उभे राहतात. मधल्या सगळ्या पिढ्यांची बेरीज केली तर ८,१९०.

आता घरात जपलेला वंशवृक्ष काढून बघा. तो १७२८ पर्यंत जात असेल तर उत्तम, फार थोड्या घरांचा जातो. सख्खे-चुलत सगळे बाजूला ठेवून, मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंत सरळ उतरणारी नावं मोजली तर ती किती भरतात? बारा. प्रत्येक पिढीला एक बाप्या. म्हणजे दर ६८२ पूर्वजांमागे एकाचं नाव आपण जपलं आणि त्याला ‘आमची संपूर्ण वंशावळ’ म्हणालो. उरलेले ८,१७८ कुठे गेले, याचा हिशेब कागद, शाई आणि सरकारी खाती यांच्या आकड्यांतून लागतो. आकडे मोठे आहेत, सावकाश जाऊ.

दुपटीचा घोळ

दुपटीचं गणित सुरुवातीला सभ्य वाटतं आणि मग हाताबाहेर जातं. दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज. विसाव्यात १० लाख ४८ हजार ५७६. तिसाव्यात १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षं, म्हणजे साधारण ज्ञानेश्वरांच्या जन्माचा काळ. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्या ४० कोटींच्या आसपास होती. एकट्या तुमचे पूर्वज मात्र १०७ कोटी!

गणित बरोबर आहे. फक्त ते १०७ कोटी माणसं मोजत नाही, १०७ कोटी जागा मोजतं. एकच माणूस त्यातल्या शेकडो, हजारो, पुढे लाखो जागांवर बसलेला असतो. आपल्याकडे हे समजायला लांब जायला नको. ज्या घरांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिथे नवरा-बायकोचे एका बाजूचे आजी-आजोबा एकच असतात, म्हणून त्यांच्या मुलांना आठऐवजी सहाच पणजी-पणजोबा. तिसऱ्याच पिढीत पंचवीस टक्के जागा दुहेरी भरल्या. हीच रीत पाच-सहा पिढ्या चालली तर झाडाच्या फांद्या वर पसरण्याऐवजी एकमेकींत शिरू लागतात.

त्यात जातीची भिंत. अनलाभ बसू, पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतीय लोकसमूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार अनेक समूहांमधली आपसातली लग्नं सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबली आणि प्रत्येक जण आपापल्या कुंपणात राहू लागला. सत्तराव्या पिढीत गणितानं येणाऱ्या जागा किती? एकावर एकवीस शून्यं दिली तरी त्याहून मोठा आकडा येतो. या सगळ्या जागा काही हजार किंवा काही लाख माणसांनी भरायच्या. म्हणजे जातीतले दोन अनोळखी लोक एकमेकांना ‘आपले नातेवाईक नाहीत’ म्हणतात तेव्हा गणिताच्या दृष्टीनं दोघंही चूक असतात.

शरीराचा हिशेब आणखी विचित्र आहे. आईवडिलांकडून गुणसूत्रं अखंड येत नाहीत, दर पिढीला त्यांचे तुकडे होऊन पुन्हा जुळतात. दहा पिढ्या मागच्या पूर्वजांकडून आपल्यात आलेले असे तुकडे सुमारे ६४० असतात. पूर्वज मात्र १,०२४. साधी वजाबाकी केली तरी पावणेचारशेहून जास्त पूर्वजांचा एकही तुकडा आपल्या अंगात नाही. ते होते म्हणून आपण आहोत, पण शरीरात त्यांची खूण शोधून सापडणार नाही. पानिपतावर पडलेल्या ज्या पूर्वजाचं नाव आपण अभिमानानं सांगतो, तो या पावणेचारशेंतला असू शकतो.

आणि कागदावरची सरळ रेघ रक्ताची असतेच असंही नाही. धारचंच घराणं घ्या. १८०७ मध्ये दुसरे आनंदराव पवार वारले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी मैनाबाईंना मुलगा झाला, तोही लहानपणीच गेला. शिंदे-होळकरांची लूटमार चालू असताना संस्थान वाचवायचं तर गादीवर कुणीतरी हवं, म्हणून मैनाबाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, तेच रामचंद्रराव पवार. वंशवृक्षात बापाच्या नावाखाली मुलाचं नाव येतं, रेघ कुठेही वाकत नाही. ती टिकवली मात्र दोन बहिणींनी.

चार कोटी कागद, एक माणूस

कुक्षीच्या घराला शोधायला पहिली मोठी जागा म्हणजे पुण्याचं पेशवे दफ्तर. आजच्या पुणे पुराभिलेखागारात सुमारे चार कोटी कागद असल्याचं सांगितलं जातं, बहुतेक मोडीत. हे कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसाई तिथे निवडीचं काम करत होते तेव्हाची रुमालांची मोजदाद अशी होती: मराठी २७,३३२, इंग्रजी ७,४८२, फारसी १२९, गुजराती २९. एकूण ३४,९७२.

चार कोटी हा आकडा जिभेवर सोपा आहे, म्हणून तो वेळात मोडून बघू. एक वाचक मिनिटाला एक कागद बघतो, दिवसाला आठ तास बसतो, वर्षाला तीनशे दिवस येतो. दिवसाला ४८० कागद, वर्षाला १ लाख ४४ हजार. चार कोटींना लागतील जवळपास २७८ वर्षं. शाहू महाराज गेले त्या वर्षी, १७४९ मध्ये, एखादा कारकून असा बसला असता तर त्याचा शेवटचा कागद २०२७ मध्ये हातावेगळा झाला असता. पण मिनिटाला एक हा वेग कागद उलटायचा झाला. घाईत लिहिलेली, एका दमात ओळ ओढलेली मोडी नीट लावायची तर कागदाला तास सहज जातो. त्या हिशेबानं १६ हजार वर्षांच्या वर.

लांबीत मोजायचं तर एका कागदाला एक फूट धरा. सगळे एकापुढे एक मांडले तर ओळ १२ हजार किलोमीटरची होईल. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत जवळपास चार ओळी.

यातून छापलं किती गेलं? सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ ४५ भागांत काढले. मराठी इतिहासातलं ते अचाट काम आहे. त्यांत ८,६५० कागद आले. चार कोटींत भागले तर साडेचार हजारांहून जास्त कागदांमागे एक. बाकीच्यांसाठी रुमाल सोडायचे, गाठ मारायची, पुढचा रुमाल मागायचा.

आणि कागद हातात आला तरी तारीख अडवते. अमझेऱ्याची लढाई इंग्रजी पंचांगानं १७२८ ची. दक्षिणेतल्या कारकुनानं लिहिलं तर ती शके १६५० ची. मराठी दफ्तरात चालणाऱ्या सुहूर सनानं ११२९ ची, आणि तेही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत: तिसा अशरीन मया व अलफ, म्हणजे नऊ, वीस, शंभर आणि हजार. दक्षिणी फसलीनं ११३८. माळव्यातल्या सावकाराच्या वहीत विक्रम संवत १७८५. एकाच दिवसाला पाच वर्षं. कुक्षीच्या घराला पुण्याचा कागद, धारचा कागद आणि उज्जैनच्या उपाध्यायाची वही जुळवायची असेल तर आधी ही पाच वर्षं एका ओळीत आणावी लागतात.

दफ्तर कशासाठी ठेवलं होतं

एवढा कागद जपला गेला त्यामागे इतिहासाची हौस नव्हती, पैशाचा हिशेब होता. पेशव्यांच्या दफ्तरातले विभागच बघा: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके. रोजचा जमाखर्च, त्याची खातेनिहाय मांडणी, प्रांतांचे अंदाज, घोडदळाचा खर्च. १८१८ नंतर इंग्रजांनी हे दफ्तर सांभाळलं तेही इनामं आणि वतनं तपासण्यासाठी. १८५२ च्या कायद्यानं बळ मिळालेल्या इनाम कमिशननं हजारो इनामदारांना पुरावा मागितला. जमीन कुणी दिली, कधी दिली, घेणारा तुमचा कोण? उत्तरादाखल घराघरांतून सनदा, महजर, वंशावळी आल्या. आज पुष्कळ घराण्यांचा सगळ्यात जुना वंशवृक्ष सापडतो तो या तपासणीत जोडलेला. तो काढला होता हक्क शाबीत करायला.

त्यामुळे त्यात हक्क चालवणारेच आले. वतन बापाकडून मुलाकडे जातं, मग कागदात बाप आणि मुलगा. ‘संताजी बिन मालोजी’ अशी नोंद पानोपानी सापडते. ‘कोम’ लावून नवऱ्याच्या नावाशी जोडलेली बाई क्वचित दिसते आणि दिसते ती बहुतेकदा नवरा मेल्यावर: दत्तक घ्यायचा असतो, मुलगा अज्ञान असतो किंवा दीर वतन बळकावू पाहतो. मैनाबाई कागदावर आल्या त्या अशाच. नवरा जिवंत असता तर इतिहासात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ आली असती की नाही, शंका आहे.

तिचं माहेर कागदावर येणं तर फारच दुर्मीळ. त्यात लग्नात नावही बदललेलं. माहेरची ठकू सासरी लक्ष्मीबाई झाली की दोन गावांच्या दोन दफ्तरांत ती दोन वेगळ्या बायका होते आणि त्यांना जोडणारा कागद कुठेच नसतो. दर पिढीला अशी एक तुटलेली गाठ. ८,१९० पैकी बाराच नावं का उरली, याचं निम्म्याहून जास्त उत्तर इथे आहे: बाई हरवली की तिचे आईवडील, त्यांचे आईवडील, तिच्या मागची सगळी फांदी हरवते.

दीड हजारांमागे एक

जुन्या कागदांतून पूर्वज शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्रात नुकताच झाला आणि तो सरकारनं केला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यात जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, पोलीस ठाणी अशी सगळी कपाटं उघडली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, ज्याला खेड्यात अजून कोतवाल बुक म्हणतात. मोडी वाचणारे हवे होते, निजामाच्या अमलातल्या कागदांसाठी उर्दू-फारसी वाचणारे हवे होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला अहवाल आला. तपासलेले कागद सुमारे १ कोटी ७२ लाख, सापडलेल्या कुणबी नोंदी ११,५३०. जेमतेम दोन महिन्यांत दिवसाला अडीच-तीन लाख कागद बघितले गेले आणि साधारण दीड हजार कागदांमागे एक नोंद मिळाली. पुढे शोध राज्यभर नेला आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं ५४ लाख नोंदींचा आकडा सांगितला. पेशवे दफ्तराच्या एकट्या वाचकाला १ कोटी ७२ लाख कागदांना १२० वर्षं लागली असती.

या शोधाच्या राजकारणावर मतं वेगवेगळी आहेत. आकड्यांच्या बाजूनं मात्र एक गोष्ट स्वच्छ दिसते. नोंद सापडल्यावर तिच्याशी आपलं नातं जोडून दाखवावं लागतं आणि जात पडताळणीत विचारात घेतात ते वडिलांकडचे रक्ताचे नातेवाईक. लाखो घरांनी गेल्या दोन-तीन वर्षांत वंशावळी लिहून काढल्या, इतक्या एकाच वेळी मराठीत कधी लिहिल्या गेल्या नसतील. आणि त्या सगळ्या पुन्हा बाप, आजोबा, पणजोबा याच एका रेघेवर चालल्या.

आयर्लंडचा धूर

मुळं शोधण्याचा नाद ज्यांनी जगभर नेला त्या आयरिश लोकांची गोष्ट उलटी आहे. १८४५ च्या बटाट्याच्या रोगानंतर आलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. आज आयर्लंड बेटावर सुमारे ७० लाख लोक राहतात आणि अमेरिकेत स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवणारे तीन कोटींहून जास्त आहेत. त्या सगळ्यांना डब्लिनमध्ये एकच प्रश्न घेऊन यायचं असतं.

पण ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतला दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. सात शतकांचे कागद. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांची घरोघरची पत्रकं काही तुकडे सोडता तिथेच जळाली. १८६१ आणि १८७१ ची सरकारनं आधीच नष्ट केली होती, १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदटंचाईमुळे लगद्यात गेली. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११. या दोन जनगणनांचं पान न् पान आज कुणालाही फुकट बघता येतं. १९११ च्या पत्रकात लग्न झालेल्या बाईला विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यांतली किती जिवंत आहेत? गरीब शेतमजुराच्या बायकोचंही उत्तर तिच्या नावापुढे लिहिलेलं आहे.

आपल्याकडे १८७२ पासून जनगणना आहे. २०११ मध्ये १२१ कोटी माणसांची घरं, नावं, नाती लिहिली गेली. ती कुणालाही बघता येत नाहीत: १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ ते दप्तर खुलं करायला मनाई करतं, न्यायालयात पुरावा म्हणूनही ते चालत नाही. आयर्लंडनं बहुतेक कागद गमावला आणि उरलेला उघडला. आपला चार कोटी मोडी कागद शाबूत आहे आणि तो वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

जगाचा आकडा हवा असेल तर तो अमेरिकेतल्या युटामध्ये आहे. तिथल्या मॉर्मन चर्चच्या फॅमिलीसर्च संस्थेनं देशोदेशीचे वंशकागद सूक्ष्मचित्रित केले, हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यासुद्धा. २४ लाख रिळं झाली आणि ती सगळी संगणकावर आणण्याचं काम २०२१ मध्ये संपलं. त्यांत १,१५० कोटींहून जास्त माणसांची माहिती असल्याचं संस्था सांगते. आजवर पृथ्वीवर जन्मलेल्या माणसांचा अंदाज आहे ११,७०० कोटी. एकच माणूस अनेकदा आला असेल हे सोडून दिलं, तरी दहांतले नऊ कुठेच नाहीत.

नंबर मिळालेल्या बायका

मराठी बाईचं नाव, गाव आणि चेहरासुद्धा जपणारं एक दफ्तर आहे. ते मॉरिशसमध्ये आहे. १८३४ पासून पुढच्या सात-आठ दशकांत जवळपास साडेचार लाख भारतीय उसाच्या मळ्यांवर करारानं गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतले मराठी लोक होते. प्रत्येकाला पोर्ट लुईला उतरताच नंबर पडला. नंबरापुढे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. १८६० च्या दशकापासून फोटोही निघू लागले. हे दफ्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि मॉरिशसची मराठी घरं त्याच्या आधारानं कोकणातलं गाव शोधत येतात.

तिथे बाईला स्वतःचा नंबर होता, कारण मळेवाल्याला तिचीही मजुरी मोजायची होती. त्यामागे दया नव्हती. पण परिणाम असा की १८६५ मध्ये बोटीतून उतरलेल्या साध्या मजूर बाईबद्दल तिच्या खापरपणतीला जे कळतं, ते त्याच वर्षी धारच्या एखाद्या सरदार वाड्यात नांदलेल्या सुनेबद्दल तिच्या वंशजांना कळत नाही.

पैशाचा हिशेब सोडून माणसं लिहिणारी आणखी एक जागा आहे: तीर्थक्षेत्र. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या, उज्जैनच्या रामघाटावरच्या पंड्यांच्या पोथ्या. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे वाचून दाखवतात. सांगोपांग श्राद्धात नावं लागतात ती बापाकडच्या तीन पिढ्यांतल्या नवरा-बायकोंची आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्यांतल्या नवरा-बायकोंची. बारा नावं, त्यांत सहा बायका. जमिनीच्या दफ्तरानं एक रेघ जपली, श्राद्धानं दोन. माळव्यातल्या घरांत वह्या ठेवणारे राव-भाट आहेत, दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव फिरून वंशावळ वाचणारे हेळवी आहेत. कुक्षीच्या आसपासच्या भिल्ल-भिलाला गावांत मेलेल्या माणसाच्या नावानं घोडेस्वार कोरलेले दगड उभे केलेले दिसतात. घोड्यावर बसलेला बहुतेकदा पुरुषच.

१९७९ चा मोठा मुलगा

हा सगळा जुना काळ म्हणून सोडून देता आला असता, पण कुक्षीनं तो अलीकडे पुन्हा पाहिला. सरदार सरोवराच्या पाण्यात मध्य प्रदेशातली १९२ गावं आणि धरमपुरी शहर बाधित ठरलं. निसरपूर, चिखलदा ही कुक्षी तहसिलीतली गावं त्यांतली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं. तोवर कितीतरी वर्षं या खोऱ्यातली माणसं कागद गोळा करत होती: खसरा, खतौनी, मतदारयादी, रेशनकार्ड. आपण इथले आणि अमक्याचे, एवढं शाबीत करायला.

आणि कुणाचा कोण, हे ठरवण्याचा नियम काय होता? नर्मदा जलविवाद लवादानं १९७९ च्या निवाड्यात म्हटलं की प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरावा. सज्ञान मुलीचा त्यात उल्लेख नाही. इनाम कमिशनपासून सव्वाशे वर्षं उलटली होती, राज्यघटना आली होती, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वारस केलं होतं. त्या कायद्यानंतर सातबाऱ्याच्या फेरफारांत मुलींची नावं पहिल्यांदा मोठ्या संख्येनं चढली खरी. पुढच्याच फेरफारात पुष्कळ ठिकाणी हक्कसोडपत्रानं ती कमीही झाली. भविष्यातल्या शोधकाला निदान एवढा फायदा: हक्क सोडताना का होईना, बहिणीचं नाव आणि तिच्या सासरचं गाव एका कागदावर आलं.

बारावरून शहाऐंशी

तेव्हा कुक्षीच्या घरानं पुण्याचं तिकीट काढण्याआधी एक हिशेब घरीच करावा. तीन पिढ्यांपर्यंत आपले चौदा पूर्वज असतात. त्यांत सात बायका: आई, दोन आज्या, चार पणज्या. या सातजणींचं लग्नाआधीचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव आणि तिथलं कुलदैवत, एवढंच लिहून काढायचं. घरात एखादी म्हातारी असेल तर बरंचसं तिलाच ठाऊक असतं. उरलेलं जुन्या लग्नपत्रिकांत, रुखवताच्या यादीत, आत्याच्या हक्कसोडपत्रात किंवा त्र्यंबकेश्वरच्या वहीत मिळतं.

याचा उपयोग असा. सध्या शोधायला एकच आडनाव, एकच गाव, एकच रेघ आहे आणि ती बारा पिढ्या लागली तर बारा नावं देते. प्रत्येक माहेर कळलं की एक नवी रेघ उघडते, कारण तिचा बाप, आजोबा, पणजोबाही कुणाच्या तरी वतनात, कोतवाल बुकात, पाहणी पत्रकात आहेतच. सात बायका म्हणजे सात नव्या रेघा, आपली धरून आठ. चौथ्या पिढीपासून बाराव्यापर्यंत आठ रेघांवर प्रत्येकी नऊ नावं, म्हणजे बहात्तर. त्यांत घरातली चौदा मिळवली की शहाऐंशी.

८,१९० पैकी बारा म्हणजे ०.१५ टक्के. शहाऐंशी म्हणजे एक टक्क्याच्या वर. चार कोटी कागद तेच आहेत, मोडी तीच आहे, वाचणारेही तेवढेच. सात बायकांची माहेरं कळली की त्याच ढिगातून सातपट माणसं बाहेर येतात. ही माहेरं कोणत्याही दफ्तरात एकत्र लिहिलेली नाहीत. ज्यांच्या तोंडी ती आहेत त्या आजींना विचारायला मोडी यावी लागत नाही, वही-पेन्सिल पुरते, आणि हे काम दुसऱ्या कुणाला सांगून होणारं नाही.